चार मात्रांची जागा

प्रज्ञा, तुला जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि तुझे बाबा आणि मी तुमच्या चाळीच्या गॅलरीत उभे राहून भांडत होतो. तुझ्याच गाण्यावरून. शेजारपाजारच्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला होता, तू दुपारी रेकॉर्डिंगला बसायचीस तेव्हा करायचे तसा. फरक इतकाच की तेव्हा ते तुझ्यासाठी गप्प बसायचे, आता आमचं ऐकायला बसले होते.

भांडण चार मात्रांचं होतं. बाहेर कुणाला सांगितलं तर हसतील. तुझ्या ‘कडी’ या गाण्याचं शेवटचं कडवं संपतं, ‘सगळं शहर चालून आले, जिना तेवढा उरला’, आणि तू गिटारवरचा हात उचलतेस. मग चार मात्रा काहीच नाही. सूर नाही, ठेका नाही. आणि मग तू परत येतेस, ‘दार लोटून ठेव आई, कडी नको लावू, उशीर होईल मला, जागी नको राहू.’ रात्रीचे कार्यक्रम करून घरी परतणाऱ्या पोरीचं गाणं. तुझी आई, आमच्या काकू, खरंच जाग्या राहायच्या, हे घोडपदेवातल्या त्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

विहारात तुझं पुण्यानुमोदन, तुझ्या आठवणीचा कार्यक्रम, ठरलं होतं. तुझ्या बाबांच्या, किसनकाकांच्या, गायन पार्टीतले जे कोणी उरलेत ते गाणार आणि ढोलकीवर मी, हेही ठरलं होतं. काकांनी सांगितलं, ‘कडी’च म्हणायचं. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, त्या मोकळ्या जागेत पोरीचं नाव घालायचं.

काकांची सवय तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गोदीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण आजही गाणं रचलं की शेवटच्या कडव्यात ‘किसन म्हणे’ आल्याशिवाय त्यांचं गाणं पुरं होत नाही. छाप म्हणतात ते त्याला. छापेशिवाय गाणं म्हणजे त्यांच्या लेखी उघड्यावर टाकलेलं गाणं, कुणीही उचलावं. आणि उचललंही होतं. परळच्या एका पार्टीने त्यांचं गाणं त्यांच्यासमोर स्टेजवर म्हटलं, ‘किसन’च्या जागी आपल्या कवीचं नाव घालून, आणि काका पहिल्या रांगेत बसून टाळ्या ऐकत राहिले. हा किस्सा त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितला. दर वेळी तू म्हणायचीस, “बाबा, पण लोकांना गाणं आवडलं ना?” आणि दर वेळी काका उठून खोलीत जायचे.

“ती जागा मग रिकामी कशाला ठेवलीय तिने?” काका गॅलरीत मला विचारत होते. “नावाचीच जागा आहे ती. घालायला लाजली असेल. आपण घालू.”

“काका, ती जागा ड्रमची आहे.”

“कसली?”

“ड्रमची. म्हणजे माझी.”

बोलून गेलो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तुमच्या खोलीत येऊन तुझी गिटार मागितली. मग त्यांनी कठड्यावर बोटांनी ठेका धरला आणि हलक्या आवाजात म्हणून दाखवलं, “जिना तेवढा उरला... प्रज्ञा म्हणे... दार लोटून ठेव आई...”

बसलं ना ते. चपखल बसलं. प्र-ज्ञा-म्ह-णे, मोजून चार.

मी त्या जागेला माझी का म्हणतो, हे त्या गॅलरीत कुणाला समजावून सांगता आलं नसतं. तुला सांगायची गरज नाही, पण आता सांगायला तूच उरली आहेस, म्हणून सांगतो. बँडमध्ये असताना शेवटच्या कोरसच्या आधी मी ड्रमवर एक रोल, ठोक्यांची सलग लड, वाजवायचो, चार मात्रांचा. तू माइक सोडून मागे वळायचीस, माझ्याकडे बघायचीस आणि मुद्दाम एक केसभर उशिरा आत यायचीस. लोकांना वाटायचं ही चुकली, आणि तेवढ्यात तू नेमकी यायचीस. ते मागे वळणं माझ्यासाठी सगळा कार्यक्रम होता. बाकीचं गाणं मी त्या जागेपर्यंत पोचायला वाजवायचो.

आपला बँड. ‘कॉमन बाल्कनी’. नाव तूच ठेवलंस, बांद्र्याच्या पोरांना वाटलं काहीतरी खोल अर्थ आहे. आपण तालमी करायचो आमच्या लालबागच्या मंडळाच्या गोडाऊनमध्ये, मागच्या वर्षीच्या देखाव्याच्या थर्माकोलच्या हिमालयात. आवाज मात्र छान दबायचा, त्या डोंगरांची कृपा. मंडळाची अट एकच होती, गणपतीत एक दिवस स्टेजवर वाजवायचं. आणि तू वाजवलंस! नऊवारीतल्या आज्या आणि मांडीवरची पोरं घेऊन बसलेल्या बायका यांच्यासमोर तू इंग्रजीत किंचाळत होतीस, आणि गाणं संपल्यावर माझ्या आत्येने शेजारणीला सांगितलं, “पोरगी चांगली हाय, पण तिला कसला तरी त्रास होतोय.” तू ते ऐकलंस आणि नंतर कित्येक महिने कुणी बँडबद्दल विचारलं की तू हेच सांगायचीस, मला कसला तरी त्रास होतोय.

त्याच वर्षी मी तुला आमच्या भजनाला घेऊन आलो होतो. मी तिथे पखवाज वाजवायचो आणि तुला ऐकायचं होतं. माझ्या चुलत्यांनी बसायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न, “आडनाव काय गं तुझं?” तू आडनाव सांगितलंस, गाव सांगितलंस, आणि मग गोड आवाजात विचारलंस, “आणि तुमचं?” चुलत्यांना आपलं आडनाव सांगावं लागलं, माझ्यासमोर, जे माझंही आहे. मग चहा आला. मी सगळ्यांचे कप बघत होतो. सारखे होते. तू माझ्याकडे बघत होतीस, मी कप बघतोय हे बघत होतीस. परतताना तू त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस, फक्त म्हणालीस की तुमच्या बुवांपेक्षा मागे साथ करणारे बरे गातात, ते ओळ उचलतात तेव्हा अंगावर काटा येतो. मला त्या रस्त्यावर खूप काही बोलायचं होतं. मीही बोललो नाही.

मग तू एकटी गायला लागलीस. लोक आता लिहितायत की ते तुझ्या आयुष्यातलं धाडसी वळण होतं. तुझ्यावर आता बरेच जण लिहितायत, प्रज्ञा. काळाच्या पुढची, मनस्वी, वगैरे. दादरच्या त्या लहानशा हॉलमध्ये तू पहिल्यांदा मराठीत गायलीस तेव्हा यांतलं कुणी नव्हतं. खुर्च्या होत्या, माणसं नव्हती. मला राग येतो ते वाचून, आणि मग वाटतं, तू असतीस तर म्हणाली असतीस, “लिहू दे ना रे, तुझं काय जातंय?”

धाडस वगैरे काही नव्हतं. मला कारण माहीत आहे, कारण तू ते मला सांगितलंस, गोडाऊनच्या पायरीवर वडापाव खाता खाता. म्हणालीस, “इंग्रजीत मी पाहिजे तेवढी ओरडते. पण घरी आले की आई विचारते, आज काय गायलीस? आणि मला तिला सांगता येत नाही.” मी म्हटलं, मग मराठीत गाऊ या. आपण सगळे. तू वडापावच्या कागदाची घडी घालत बसलीस, आणि मग म्हणालीस, “नित्या, या गाण्यांना ड्रम नको.”

“म्हणजे मी नको.”

“तू कशाला प्रत्येक गोष्ट अंगावर ओढून घेतोस? ड्रम नको म्हटलं मी.”

आपलं हे भांडण तिथे सुरू झालं आणि संपलं नाही. अजून मला माझंच बरोबर वाटतं. गिटारवाला बंगळूरला गेला, बासवाला कॅनडात, त्यांना तू सोडलं नाहीस, त्यांनी तुला सोडलं. मी कुठे गेलो होतो? मी लालबागेत होतो. विम्याच्या ऑफिसात नोकरी, संध्याकाळी मोकळा, हाकेच्या अंतरावर. ड्रम नको तर ढोलकी वाजवली असती, खंजिरी वाजवली असती, नुसत्या मांडीवर ठेका धरला असता. तू म्हणायचीस, ठेका असला की मला पळावंसं वाटतं, मला या गाण्यांत बसायचंय. ठीक आहे. पण बसायला सोबत चालत नाही का?

तरी तू बोलवायचीस आणि मी यायचो. तिसऱ्या रांगेत, कडेला. पहिल्यांदा ‘कडी’ ऐकलं ते तिथेच. शेवटचं कडवं आलं, तू हात उचललास आणि माझे हात आपोआप मांडीवरून वर आले. माझ्या रोलची जागा होती ती, जशीच्या तशी. रोल तेवढा काढून घेतला होतास. आणि त्या शांततेत तू अगदी जराशी, मानेनेच, मागे वळलीस. मागे कुणी नव्हतं. पडदा होता. मग नेहमीसारखी एक केसभर उशिरा आत आलीस.

कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं, ती जागा कशाला ठेवलीस? म्हणालीस, “श्वास घ्यायला.” काकांना म्हणाली होतीस, लोकांना विचार करायला. काकूंना काय सांगितलंस ते त्या कुणाला सांगत नाहीत. तुझं असंच होतं, प्रत्येकाला त्याच्या मापाचं उत्तर, आणि खरं कुणालाच नाही.

तुझी ती गाणी तुमच्या खोलीतच रेकॉर्ड झाली, दुपारच्या वेळी. दाराला गोधडी, खिडकीला गादी, कपाटाची दारं उघडी आणि मधे स्टुलावर तू. मजल्यावर निरोप जायचा, प्रज्ञाचं चालू आहे. भांडी घासणं थांबायचं, भांडणं थांबायची. ‘कडी’च्या दुसऱ्या कडव्यात मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. शेजारच्या काकूंनी डाळ लावली होती आणि विसरल्या. मी म्हटलं, परत घे. आयुष्यभर तू आम्हाला एक ठोका चुकला तरी “परत, पहिल्यापासून” म्हणून पिळून काढलंस, गोडाऊनमध्ये ते शब्द ऐकले की बासवाला कपाळावर हात मारायचा. आणि इथे म्हणालीस, “राहू दे. शिट्टी सुरात आहे.” त्या काकू आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, प्रज्ञाच्या गाण्यात मीपण आहे. मी त्या कुकरवर जळलोय, खरं सांगतो. तुझ्या गाण्यात कुकर आहे, मी नाही.

तुझ्या दुखण्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. परळच्या त्या हॉस्पिटलात शेवटी शेवटी तू हळू बोलायचीस, पण टोमणे सगळे शाबूत होते. एका संध्याकाळी काका-काकू खाली चहाला गेले होते. तू छताकडे बघत म्हणालीस, “मी गेले की बाबा गाण्यात नाव घालणार बघ.”

“काहीतरी बोलू नकोस.”

“अरे, घालणार. मी ओळखते ना त्यांना.”

“मग? घालू द्यायचं की नाही?”

तू माझ्याकडे बघून हसलीस. “तुला काय वाटतं?”

मला काय वाटतं ते मी सांगायला तोंड उघडलं आणि नर्स आली, बीपी बघायला. मग काका-काकू आले. मग बसबद्दल, पावाबद्दल, बेडशीटबद्दल बोलणं झालं. मला वाटलं, उद्या विचारू. तुझ्या बाबतीत माझं कायम उद्यावर राहिलं.

म्हणून त्या दिवशी गॅलरीत मी काकांना ठामपणे काहीच सांगू शकलो नाही. तिला नको होतं म्हणू, तर तू तसं म्हणाली नव्हतीस. तिला चाललं असतं म्हणू, तर तेही नाही. शेवटी म्हटलं, “काका, तिने कधीच नाव घातलं नाही. एवढी गाणी केली, एकातही नाही.”

काकांनी कठड्यावर दोन्ही हात टेकले. मग म्हणाले, “आपल्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत रे. माझ्या बापाचं नाव कुठे आहे? गिरणीत राबला, गिरणी गेली. म्हणून आम्ही गाण्यात घालून ठेवतो. गाणं कुणी पाडू शकत नाही.” आणि मग आवाज एकदम बारीक झाला. “तिला वाटायचं मी मिरवायला घालतो.”

प्रज्ञा, मला वाटतं तुला तसं वाटत नव्हतं. पण मी तेही त्यांना सांगू शकलो नाही, कारण हेही तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी जिना उतरलो.

नंतरचे दिवस मी ऑफिसात बसून त्या चार मात्रांचा विचार केला. कुणाशी बोलू? बायकोला सांगितलं, ती म्हणाली, त्यांची मुलगी आहे, त्यांना हवं ते करू दे. बरोबरच आहे. पण ठेका कुठे पडावा यावर माझ्याशी भांडणारं या शहरात दुसरं कुणी नाही. मी कितीदा फोन हातात घेतला आणि तुझं नाव शोधलं, तुलाच विचारायला. एकदा तर रिंगही दिली. तुमच्या खोलीत कुठेतरी वाजली असेल.

शेवटी मी ठरवलं, जागा काकांची. त्यांचं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे आणि माझा हक्क असा काय आहे? एक जुना ड्रमर. मी हात उचलायचा आणि त्यांना नाव घेऊ द्यायचं.

काल विहार भरलं होतं. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, पुढे तुझा फोटो, त्यात तू गिटार आवळून धरली आहेस आणि कुणावर तरी चिडलेली दिसतेस. वंदना झाली, दोघं-चौघं बोलले. मग पार्टी बसली. काका पेटीवर, बँजोवर त्यांचे जुने सोबती, मी ढोलकी मांडीवर घेऊन. काकू समोरच, भिंतीला टेकून. कुकरवाल्या काकू त्यांचा हात धरून बसल्या होत्या.

काकांनी गाणं उचललं. तुझी चाल त्यांच्या आवाजात वेगळी वाटत होती, जरा खडी, जरा सभेतली. पण कोरस ओळ परत घेत होता, आणि मला ती भजनाची रात्र आठवली, तू म्हणालेलं आठवलं, आणि पहिल्यांदाच वाटलं की तुझ्या गाण्याला माणसं शोभतात. मी हळू वाजवत होतो. पळावंसं वाटू नये इतकं हळू.

शेवटचं कडवं आलं. सगळं शहर चालून आले, जिना तेवढा उरला.

मी ढोलकीवरून हात उचलले आणि काकांकडे पाहिलं. आता म्हणा. काकांनी पेटीचा भाता धरला होता. त्यांचे ओठ उघडले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मान हलवली. तू वाजव. मी मान हलवली. तुम्ही घ्या. मला तेव्हा कळलं की त्यांनीही घरी बसून तेच केलं होतं जे मी ऑफिसात बसून केलं. त्यांनी जागा मला दिली होती.

चार मात्रा तशाच गेल्या. ना नाव, ना ठेका. तू गायचीस तशाच, अगदी तशा.

आणि मग कुणीच आत गेलं नाही. काका थांबले, मी थांबलो, बँजो थांबला, मागचे सगळे थांबले. विसरलो नव्हतो आम्ही. त्या जागेनंतर तू येतेस ना. दर वेळी येतेस, एक केसभर उशिरा, आणि आम्ही सगळे तेवढ्यासाठीच थांबलो होतो. मी मागे वळून पाहिलं, खरंच पाहिलं. मागे भिंत होती.

काकूंचा आवाज आला. गाण्याचा नाही, नेहमीचा, स्वयंपाकघरातून हाक मारतात तसला.

“थांबलात कशाला? ती नाय येत आता. म्हणा तुम्ही.”

मग आम्ही म्हटलं. दार लोटून ठेव आई, कडी नको लावू. काकांनी चुकीच्या पट्टीत उचललं, माझा हात उशिरा पडला, कोरस दोन ठिकाणी फुटला. सगळं बेसूर, सगळं वेडंवाकडं. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाट बघत होतो, आता ओरडशील, परत, पहिल्यापासून. कुणी थांबवलं नाही. गाणं तसंच संपलं.